गुडघा बरा झाला, पण लेक मैदानात उतरत नाही

विभाग: खेळ आणि आरोग्य

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, लिहायला आज पहिल्यांदा बसले आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी १७ वर्षांची आहे, सातवीपासून कबड्डी खेळते. संघात चढाईला तीच जायची. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या निवड चाचणीत उजव्या गुडघ्याचा एसीएल (गुडघ्याच्या आतला, हाडं धरून ठेवणारा लिगामेंट) तुटला. बोनस गुण घेऊन मागे वळत होती. डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला, पाय मॅटवर रोवलेला राहिला आणि वरचं अंग फिरलं. मी चार पावलांवर उभी होते. आवाज ऐकू आला मला. वाळकी काटकी मोडावी तसा.

ऑपरेशन झालं. मांडीमागचा स्नायूबंध घेऊन गुडघ्यात नवा लिगामेंट बसवला. त्यानंतर रोज व्यायाम. बारीक झालेली मांडी टेपने मोजायची आणि वहीत आकडा लिहायचा, हे काम माझं होतं. आता दहा महिने झाले. मांडी भरली. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, त्या दिवशी मी पेढे आणले. तिने एक तोंडात टाकला आणि आत जाऊन झोपली.

मैदानावर जाते. बूट बांधते, दोन फेऱ्या पळते, बाकीच्यांबरोबर व्यायाम करते. चढाईला नाव पुकारलं की पोटात कसंतरी होतंय म्हणते आणि बाहेर येऊन बसते. तीन आठवडे हेच चाललं आहे. सर चांगले आहेत, ओरडत नाहीत. "मनातली भीती काढून टाक," एवढंच म्हणतात. कशी काढायची ते मात्र मला कुणीच सांगत नाही.

घरातही बदल आहे. जिना उतरताना अजून कठड्याला धरते. परवा पुतण्याच्या लग्नात पंगतीला सगळ्या बहिणी मांडी घालून बसल्या, हिने खुर्ची मागितली. मांडी घालता येते तिला, मी घरात पाहिलं आहे. कॉलेजच्या फॉर्मवर 'खेळ' असा रकाना होता. तिथे आधी कबड्डी लिहिलं होतं आणि वर व्हाइटनर लावला होता.

आणि तो व्हिडिओ. त्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर सामना काढत होतं, ती क्लिप संघाच्या ग्रुपवर आली. रात्री पाणी प्यायला उठले तर पांघरुणात मोबाइलचा उजेड. ती क्लिप लावते, घोट्याला हात लागायच्या अगोदर थांबवते, मागे नेते, परत लावते. मी दारात उभी होते, तिला कळलं नाही. मीही काही बोलले नाही. हे चुकलं का माझं?

यजमान म्हणतात, बारावी आहे, सुटली एकदाची कबड्डी, अभ्यास करू दे. ते वाईट हेतूने म्हणत नाहीत. पण पोरगी हसायची थांबली आहे, ते मला दिसतं. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर सांगा. मी तिच्याशी काय बोलू?

मध्यरेषा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी कोल्हापूरकडचा, आता पुण्यात नोकरी. २००९ साली माझाही हाच गुडघा गेला होता, मातीवर खेळताना. तेव्हा आमच्याकडे एमआरआय वगैरे कुणी सांगितलाच नाही. "लचकला आहे" म्हणून आठ महिने तसाच ओढला.

दुखण्याचं मी विसरलो. विसरलो नाही ते दुसरंच. रोज पहाटे साडेपाचला उठायची सवय होती. दुखापतीनंतरही साडेपाचलाच जाग यायची आणि करायला काही नसायचं. खिडकीतून पोरं सरावाला निघालेली दिसायची. पहिल्या आठवड्यात सगळे भेटायला आले, फळं आणली. दुसऱ्या महिन्यात दोघे आले. नंतर कुणी नाही. त्यांचा दोष नव्हता, त्यांना काय बोलावं सुचत नव्हतं आणि मलाही.

दुसरी गोष्ट भरतीची. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते डोक्यात ठेवूनच आमच्याकडची निम्मी पोरं खेळतात. घरात बहीण लग्नाची, वडिलांची दोन एकर जिरायत. माझ्या प्रमाणपत्रावर घराचं गणित मांडलेलं होतं. पोलीस भरतीत १६०० मीटर पळायचं असतं. मी गुडघ्याला पट्टा आवळून पळालो, सगळ्यांना सांगितलं की बरा आहे. तिसऱ्या फेरीत खाली बसलो. मैदानातल्या धुळीत बसून रडलो तो दिवस मी बायकोलाही दहा वर्षांनी सांगितला.

तुमची मुलगी पोटात कसंतरी होतंय म्हणते ना, ते खोटं नाही. मलाही उलटीसारखं व्हायचं. तिच्यावर विश्वास ठेवा, एवढंच सांगायला लिहिलं.

लालमाती

ताई, राग मानू नका, पण मी थोडं वेगळं सांगतो. मी तालमीत वाढलो. आमचे वस्ताद म्हणायचे, पडलास तिथून उठ, त्याच जागी उभा राहा, नाहीतर ती जागा जन्मभर तुला भिववेल. खांदा उतरला तर बसवून, हळद-तेल लावून पंधरा दिवसांत मातीत उतरायचो. आज मुलांना फार विचारलं जातं, कसं वाटतंय, काय वाटतंय. विचारून विचारून भीती मोठी होते. एकदा हात धरून चढाईला पाठवा. पहिली चढाई झाली की भीती आपोआप पळेल. अनुभवाने सांगतो.

पाऊलवाट

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. १४ वर्षं खेळाडूंचे गुडघे आणि खांदे हेच काम. लालमाती काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगते, एसीएलच्या बाबतीत हात धरून पाठवणं धोक्याचं आहे.

भीती नुसती डोक्यात राहत नाही, ती पायात उतरते. घाबरलेला खेळाडू उडीवरून खाली येताना गुडघा वाकवत नाही, ताठ ठेवतो. सगळा भार चांगल्या पायावर टाकतो. वळताना अर्ध्या सेकंदाने उशीर करतो. नेमक्या अशाच हालचालींत नवा लिगामेंट पुन्हा तुटतो, नाहीतर दुसऱ्या पायाचा जातो. म्हणजे भीती असताना ढकललं तर जिची भीती आहे तीच गोष्ट घडायची शक्यता वाढते.

हे किती जणांना होतं? २०१४ साली ६९ अभ्यास एकत्र करून, साडेसात हजारांवर रुग्णांची माहिती तपासली गेली. एसीएलच्या ऑपरेशननंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले. पूर्वीच्या पातळीवर परतले ६५ टक्के आणि स्पर्धेत उतरले फक्त ५५ टक्के. यातल्या अनेकांचा गुडघा तपासणीत चांगला होता. न परतण्याच्या कारणांमध्ये पुन्हा इजा होण्याची भीती वरच्या क्रमांकावर असते. ताई, तुमची मुलगी एकटी नाही. ती भित्रीही नाही.

आम्ही परवानगी देताना दोन्ही मांड्यांची ताकद तोलतो, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आला पाहिजे. एका पायावरच्या उड्या मोजतो. नऊ महिने व्हायच्या आत स्पर्धा नको म्हणतो. पण मन तयार आहे का, हे विचारणारी प्रश्नावलीसुद्धा २००८ पासून उपलब्ध आहे. बारा प्रश्न. पुन्हा दुखापत होईल म्हणून धास्ती वाटते का, गुडघ्याकडे लक्ष न देता खेळता येईल का, असे. दहा मिनिटांचं काम. आपल्याकडे किती ठिकाणी ती भरून घेतात? मीच पहिली सहा वर्षं घेत नव्हते. त्या काळात माझ्याकडून बरे होऊन गेलेले आणि परत कधी न खेळलेले चेहरे मला आठवतात.

तुम्ही काय करू शकता: भीतीचे तुकडे करायचे. रिकाम्या मॅटवर नुसता दम घेत, म्हणजे 'कबड्डी कबड्डी' म्हणत, मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत चालायचं. मग तेच पळत. मग समोर एकच बचावपटू, तीही हात मागे बांधून. मग हात मोकळे, पण पकड नाही. प्रत्येक पायरीवर भीती ० ते १० मध्ये किती, ते तिने सांगायचं. तीनच्या खाली आली की पुढची पायरी. आणि एक प्रश्न: तिला नेमकी कशाची भीती वाटते? वळण्याची? पडण्याची? की घोटा धरला जाण्याची?

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. मध्यरेषा दादा, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पाऊलवाट ताई, तुमचा प्रश्न मी तिला विचारला. भाकरी करताना, तिच्याकडे न बघता विचारला, नाहीतर बोलली नसती. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पळायची भीती नाही वाटत. घोट्याला कुणाचा हात लागला की संपलं असं वाटतं. झोपेत पांघरूण अडकलं तरी जाग येते."

दहा महिन्यांत मला हे माहीत नव्हतं.

जुनापॅव्हेलियन

माझं वय ७४. क्रिकेटवाला आहे, कबड्डी फार कळत नाही, पण नरी कॉन्ट्रॅक्टरांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही.

मार्च १९६२, बार्बाडोस. चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताच्या कर्णधाराच्या डोक्यावर बसला. कवटी फुटली. तेव्हा हेल्मेट नव्हतं. जिवावर बेतलेलं होतं. रक्त द्यायला आपले बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर पुढे आले आणि वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही आला. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या चाळीत एकाकडेच रेडिओ, त्याच्या दारात गर्दी. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढे प्रथम श्रेणीचं क्रिकेट परत खेळलेसुद्धा. ज्या माणसाच्या डोक्याचं हाड फुटलं तो परत वेगवान गोलंदाजासमोर उभा राहिला, हे मला आजही थक्क करतं. पण कसोटी संघाचं दार त्यांच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. ३१ कसोट्यांवर कारकीर्द थांबली, वय होतं २८.

त्यांच्या जागी कर्णधार झाला २१ वर्षांचा मन्सूर अली खान पतौडी. वर्षही झालं नव्हतं, जुलै १९६१ मध्ये इंग्लंडात मोटार अपघातात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. एका डोळ्याने तो पुढे ४० कसोट्यांत कर्णधार राहिला.

आम्ही मुलांना पतौडीची गोष्ट सांगितली. जिद्द बघा म्हणालो. कॉन्ट्रॅक्टरांची गोष्ट वॉरेलच्या रक्तापाशी संपवली. दुखापतीनंतर एका खेळाडूला दिवस कसे काढावे लागले असतील, हे आम्ही कधी विचारलंच नाही. माझा स्वतःचा मुलगा १६ व्या वर्षी पाठीच्या दुखण्याने गोलंदाजीतून बाहेर पडला. त्यालाही मी पतौडीच सांगत राहिलो. तो आज पन्नाशीला आला आहे आणि माझ्याशी क्रिकेट बोलत नाही. कृष्णाकाठ ताई, तुम्ही भाकरी करताना विचारलंत, ते मी तीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं.

कोवळंऊन

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. माझी मुलगी जिम्नॅस्टिक्स करायची. तिचं मनगट मोडलं तेव्हा प्लॅस्टर घालताना ती शांत होती, जवळजवळ खूश. मला राग आला होता. नंतर कळलं की तिला सुट्टी हवी होती आणि मागायची हिंमत होत नव्हती.

तेव्हा मला येलेना मुखिनाबद्दल वाचायला मिळालं. सोव्हिएत युनियनची, १९७८ ची विश्वविजेती. १९७९ मध्ये पाय मोडला. तो नीट भरायच्या आत सरावाला लावलं, कारण मॉस्को ऑलिम्पिक तोंडावर होतं. एका अवघड उडीबद्दल ती सांगत होती की ही माझ्याकडून होणार नाही, मान मोडेल. जुलै १९८० मध्ये, ऑलिम्पिकला दोन आठवडे असताना, मिन्स्कला सरावात त्याच उडीत ती हनुवटीवर पडली. मानेखालचं शरीर कायमचं गेलं. २० वर्षांची होती. नंतर तिने मुलाखतीत सांगितलं की जमिनीवर पडल्यावर मनात पहिला विचार आला तो असा: चला, आता ऑलिम्पिकला जावं लागणार नाही.

हे वाचून मी रात्रभर जागी होते. ताई, तुमच्या मुलीचं असंच आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. फक्त तिला एकदा मोकळेपणी विचारा, तुला खेळायचं आहे का? आणि "नाही" आलं तर ते ऐकायची तयारी ठेवून विचारा. माझ्या मुलीने खेळ सोडला. आता ती लहान मुलांना शिकवते आणि आनंदात आहे. तुमची कदाचित "हो" म्हणेल. पण ते तिचं असायला हवं.

मांडवी

मी गोव्याचा, फुटबॉलवाला. इथे एका व्यक्तीबद्दल अजून कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. घोटा धरणारी ती मुलगी.

५ डिसेंबर २००४, बंगळुरू, फेडरेशन कपची अंतिम लढत. आमच्या धेंपो क्लबचा ब्राझीलचा खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर. मोहन बागानविरुद्ध दुसरा गोल मारताना त्याची गोलरक्षक सुब्रत पॉलशी टक्कर झाली आणि ज्युनियर गेला. गोव्यात त्या रात्री फटाके वाजायचे होते, एकही वाजला नाही. धेंपोने १० नंबरची जर्सी परत कुणाला दिली नाही. आमच्या घरात आम्हीसुद्धा त्या गोलरक्षकाला नको नको ते बोललो. तो तेव्हा १८ वर्षांचा होता, हे मला फार उशिरा उमगलं. पुढे तो भारताचा गोलरक्षक झाला, वर्षानुवर्षं खेळला. पण १८ व्या वर्षी ते ओझं घेऊन परत गोलमध्ये उभं राहायचं म्हणजे काय, हे आता माझा मुलगा त्या वयाचा झाल्यावर मला कळतं.

तसंच ऑस्ट्रेलियात. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीला फलंदाज फिल ह्यूजला मानेपाशी चेंडू लागला आणि दोन दिवसांनी तो गेला. चेंडू टाकणारा शॉन ॲबट २२ वर्षांचा होता. दोनच आठवड्यांनी तो त्याच मैदानावर परत गोलंदाजीला उतरला. त्याच्या संघातले सगळे त्याच्याभोवती उभे होते, सामनेवालेही. त्याला कुणी एकटं सोडलं नाही.

ताई, त्या मुलीने काही चूक केली नव्हती, नियमातली पकड होती. तिचं काय झालं, माहीत आहे का?

कृष्णाकाठ

नाही. खरं सांगते, दहा महिन्यांत माझ्या मनात एकदाही आलं नाही. आलं ते रागानेच आलं. शेजारच्या तालुक्यातली आहे ती.

अबोली

मी समुपदेशक आहे, खेळाडूंबरोबरही काम करते. पाऊलवाट यांनी भीतीबद्दल नेमकं लिहिलं आहे, मी दुसऱ्या बाजूने सांगते.

फॉर्मवरच्या व्हाइटनरचं वाचून मी थांबले. सातवीपासून सगळे तिला 'कबड्डीवाली' म्हणत असणार. मैत्रिणी तिथल्या, कौतुक तिथलं, दिवसाची घडी तिथली, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण तिथले. मग एका क्षणात पाय जातो आणि त्याबरोबर हे सगळंच जातं. स्वतःची ओळख खेळाशी जितकी घट्ट बांधलेली, तितका दुखापतीचा घाव खोल लागतो. यावर १९९० च्या दशकापासून संशोधन आहे. म्हणून मैदानाशी नातं तुटू देऊ नये. सरांशी बोला, तिला गुणलेखन द्या, लहान मुलींना चढाईचे पाय शिकवायला द्या. संघात बसायला जागा हवी, मग ती मॅटवर असो की मॅटबाहेर.

व्हिडिओबद्दल. तुम्ही दारातून परत गेलात ते चुकलं नाही. मोबाइल हिसकावून घेतला असता तर ती लपून पाहायला लागली असती. पण एकटीने पाहणं थांबायला हवं. ती क्लिप घोट्याला हात लागण्याअगोदर थांबवते ना? म्हणजे मनातही ती तिथेच अडकून पडली आहे. त्याच्या पुढे ती जातच नाही. तिची तयारी असेल तेव्हा, दिवसाउजेडी, शेजारी बसून, शेवटपर्यंत बघा. कोण धावत आलं, कुणी पाणी दिलं, कुणी उचललं, तुम्ही कुठे होतात. तिची तयारी नसेल तर अजिबात नको. आणि बघताना ती थरथरायला लागली, श्वास अडकला, तर थांबवा आणि जाणकार माणसाकडेच न्या.

आता काळजीचं. झोप उडालेली, खाणं कमी, कशातच रस नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त दिवस सलग चाललं तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. "मी नसते तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काहीही बोलली तर एक दिवसही वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. ते टेपमापाचे आकडे वहीत लिहिताना तुमच्यावरही कमी ताण आलेला नाही.

वाळव्याचावारा

फक्त एक भर घालतो, आमच्याच भागातली. मुरलीकांत पेटकर, पेठ इस्लामपूरचे. सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं बळ गेलं. मुष्टियुद्ध त्या दिवशी संपलं. उपचार म्हणून पाण्यात उतरवलं आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक घेतलं. ते भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. मधली सात वर्षं, १९६५ ते १९७२, त्याबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नाही. वरच्या आजोबांनी लिहिलं तसंच.

लालमाती

परत लिहितोय. दोन दिवस विचार करत होतो.

आमच्या तालमीत एक पोरगा होता, माझ्याहून चार वर्षांनी लहान. केसरीच्या तयारीचा. गुडघा गेला. आम्ही सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं जे मी वर लिहिलं. तो उठला, उभा राहिला, दुसऱ्यांदा गेला. मग घरी बसला. खुराक बंद करवेना, कारण खुराक बंद म्हणजे पहिलवानकी संपली. थोरल्या भावाने म्हैस विकून बदाम-तूप चालू ठेवलं. ते खाताना त्याला काय वाटत असेल, याचा विचार आम्ही केला नाही. अंग सुटलं. गावात लोक "काय पहिलवान" म्हणून हाक मारायचे, तो मान खाली घालून जायचा. पुढे दारू. तो ४१ व्या वर्षी गेला.

वस्तादांवर माझी श्रद्धा आहे आणि राहील. त्यांच्याकडे फिजिओ नव्हता, प्रश्नावली नव्हती, जे माहीत होतं ते त्यांनी मायेने दिलं. पण त्या पोराला एकदा जवळ बसवून कसा आहेस विचारलं असतं, तर काय बिघडलं असतं? पाऊलवाट ताई, तुमचं बरोबर. माझी वरची सूचना मागे घेतो.

मध्यरेषा

काका, हे लिहायला मोठं मन लागतं.

सध्या सगळीकडे पुनरागमनाच्या गोष्टी फिरतात. कुस्तीतली विनेश फोगाट रिओत २०१६ ला चिनी मल्लाशी लढताना गुडघा जाऊन स्ट्रेचरवरून गेली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याच चिनी मल्लाला हरवून पुढे सुवर्ण जिंकली. मलाही ती लढत बघून अंगावर काटा आला होता. पण बॅडमिंटनमधल्या कॅरोलिना मारिनचंही बघा. २०१९ ला एक गुडघा, २०२१ ला दुसरा, दोन्ही वेळा परत आली आणि पॅरिस ऑलिम्पिकला उपांत्य सामन्यात पहिला गेम जिंकून दुसऱ्यात पुढे असताना परत गुडघा. कोर्टवर गुडघे टेकून ती जशी रडली, ते बघून मी टीव्ही बंद केला. तिची जिद्द कमी पडली असं कोण म्हणेल? ताई, लेकीला दोन्ही गोष्टी सांगा. परतलेल्यांच्याच सांगितल्या की न परतणाऱ्याला वाटतं, आपल्यातच खोट आहे.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद तिला वाचायला दिले. मध्यरेषा दादांचं साडेपाचला जाग येण्याचं वाचून म्हणाली, "मलापण."

खेळायचं आहे का, हे विचारलं. "हो, पण या वर्षी नाही," म्हणाली. मी ठीक आहे म्हटलं. यजमान शेजारीच होते, तेही ठीक आहे म्हणाले. मग उठून गोठ्यात गेले, बराच वेळ आले नाहीत.

क्लिप आम्ही एका रविवारी दुपारी बघितली, शेवटपर्यंत. सव्वादोन मिनिटांची आहे. लेक पडल्यावर घोटा सोडून ती कोपऱ्यातली मुलगी तिथेच गुडघ्यांवर बसली आहे, दोन्ही हात तोंडावर. सगळे माझ्या लेकीकडे धावले. त्या पोरीला कुणी उठवलं नाही. क्लिप संपते तेव्हाही ती तशीच बसलेली आहे. लेकीने ते आधी कधी बघितलंच नव्हतं, कारण ती तिथवर जातच नव्हती. मीही तिथे होते, मलाही दिसली नव्हती.

नंबर मिळवला. लेकीने मेसेज केला, काय लिहिलं ते मी विचारलं नाही. उत्तर दोन तासांनी आलं. त्या मुलीने तेव्हापासून घोट्याची पकड केलेली नाही. उजव्या कोपऱ्यात जागा मागून घेतली, तिथेही ती नुसती साखळीत उभी राहते. दोघी आता रोज बोलतात. काय बोलतात मला माहीत नाही, दार लावलेलं असतं.

सरांनी छोट्या गटाच्या मुली तिच्याकडे दिल्या आहेत. एक दहा वर्षांची आहे, सतत तिच्या मागे मागे. रिकाम्या मॅटवर दम घेत चालण्याची पायरी झाली, पळण्याची झाली.

घोट्याची पायरी पाऊलवाट ताईंनी वेगळी सांगितली, घरी, विश्वासातल्या माणसाने. तिने सोड म्हटलं की त्या क्षणी सोडायचं, ही अट. संध्याकाळी ओसरीवर बसतो. ती भिंतीला टेकून पाय लांब करते आणि मी घोट्याभोवती हात ठेवते, दाबत नाही. पहिल्या दिवशी हात जवळ नेला आणि तिने पाय ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी तिने दोन अंक मोजले आणि "सोड" म्हणाली. मी सोडला. घोट्याची नाडी माझ्या बोटांना लागत होती, इतकी जोरात चाललेली.

काल अकरापर्यंत मोजले.